झोळीत आधी कोण?

माणूस निवृत्त झाला की त्याच्या हातांना एकाएकी उद्योग आठवतो. ज्या हातांनी छत्तीस वर्षं फायलीच्या समासात 'पाहिले', 'चर्चा करावी' आणि 'नियमानुसार' याखेरीज काही लिहिलं नाही, त्या हातांना वाटू लागतं की आपण मुळात सुतार होतो, शिंपी होतो, निदान गवंडी तरी होतोच. नोकरीने घात केला. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात घरातला चालू मिक्सर दुरुस्त केला. तो अजून बंद आहे. दुसऱ्या एकांनी फोडणीला घरचा कढीपत्ता हवा म्हणून गॅलरीत रोप लावलं, आणि त्याला आधार म्हणून जी काठी रोवली तिलाच पालवी फुटली. त्या मानाने मी सोशिक माणूस. मी सात महिने कळ काढली आणि मग हॅमक करायला घेतला.

झालं असं, की आमच्या टेकडीवर फिरणाऱ्या मंडळाने दिवाळीनंतर दोन दिवस वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला जाऊन राहायचं ठरवलं. (या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. पण एसटीत माझ्या शेजारी बसलेले आजोबा 'वेल्ह्याला' म्हणाले, आणि एसटीत मी शेजाऱ्याचं ऐकतो.) गडावर चढायचं वय सरून पायथ्याशी लोळायचं वय सुरू झालेली आम्ही पाच माणसं. लोळायचंच तर शास्त्रशुद्ध लोळावं, म्हणून मी एका दुकानात हॅमकची चौकशी करायला गेलो. किंमत ऐकून तिथेच आडवा व्हायची वेळ आली, तेव्हा विकत घ्यायचं कारणच उरलं नाही.

"मी हॅमक करणार आहे," मी घरी येऊन जाहीर केलं.

"म्हणजे काय करणार?" सौ.ने विचारलं.

"दोन झाडांच्या मध्ये एक लांब कापड बांधायचं. दोन्ही टोकं आवळायची. माणूस मध्ये झोपतो. तिकडे अमेरिकेजवळच्या बेटांवरचे मूळ रहिवासी असे झोपायचे. १४९२ साली कोलंबस तिथे पोचला तेव्हा त्याने ते पाहिलं. मग युरोपातल्या खलाशांनी ती युक्ती जहाजावर नेली. जहाज कितीही डोललं तरी..."

"म्हणजे झोळी," सौ. म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

कोलंबसाला ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडावा लागला ते सौ.ने मेथीच्या जुडीपलीकडे न जाता शोधून काढलं. मला मात्र तो शब्द झोंबला. आपल्याकडे झोळी दोघांची. एक तान्ह्या बाळाची आणि दुसरी गोसाव्याची. एकीत माणूस झोपतो. दुसरी तो जागा झाल्यावर खांद्याला येते. मी या दोन्हींच्या मधला, पेन्शनर. तिसरीही एक झोळी आहे, ती आपण शहरातली माणसं विसरलो. सह्याद्रीतल्या ज्या वाड्यांना रस्ता नाही, तिथून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर वाहून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागतं, आणि बहुधा ते भर पावसातच आणावं लागतं. त्या झोळीला हॅमक म्हणायची कुणाची छाती होणार नाही. माझी मात्र झाली. चैनीच्या वस्तूला परकं नाव असलं की खर्च निम्मा वाटतो.

दोरी आणायला बोहरी आळीत गेलो. "चांगली मजबूत दोरी द्या," मी म्हटलं.

"कशाला पाहिजे?"

"माणूस टांगायचाय."

दुकानदाराने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "झोपायला, झोपायला!" मी घाईघाईने म्हणालो. त्याने काही न बोलता मी मागितली होती त्याहून जाड दोरी काढली. पैसेही जाड दोरीचे घेतले. साडेतीन मीटर मांजरपाट घेतला, आणि माझा कारखाना सुरू झाला.

कापडाच्या कडा सौ.ने मशीनवर मारून दिल्या, त्याबद्दल मी तिला प्रस्तावनेत आभारापुरतं स्थान द्यायचं ठरवलं होतं. पण टोकं आवळायची वेळ आली तेव्हा मी दोन्ही हातांनी कापडाचं बोचकं करून त्याच्या गळ्याशी दोरी गुंडाळत होतो, ते तिला पाहवेना. "बोचकं नका करू हो. निऱ्या घाला. निऱ्या सारख्या पडल्या की सगळ्या कापडावर सारखा भार येतो. एकाच जागी ओढ बसली की तिथेच फाटतं." असं म्हणून तिने माझ्या हातातून कापड घेतलं आणि चार बोटांवर भराभर अशा निऱ्या घातल्या की पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखं वाटलं. गेली चाळीस वर्षं मी दाराशी 'झालं का?' करत त्या निऱ्यांची वाट पाहत उभा आहे. त्यांत भार वाहून न्यायचं शास्त्र असतं, हे मला मांजरपाटाने शिकवलं.

उरलेलं शास्त्र पुतणीने शिकवलं. ती इंजिनियरिंगला आहे.

"काका, दोरी ताणून बांधणार की सैल?"

"ताणून! तंबोऱ्याच्या तारेसारखी. बोट लावलं की षड्ज वाजला पाहिजे."

"मग तुम्हीच वाजाल," ती म्हणाली, आणि लाइटबिलाच्या पाठीवर तिने दोन झाडं आणि मधोमध मी, असं चित्र काढलं. मला तिने नुसता एक बाण केला होता, खाली तोंड करून. "तुमचं वजन बहात्तर. दोरी दोन्हीकडून तीस अंशांचा उतार घेऊन खाली आली तर एकेका बाजूला बहात्तरच किलोंचा ताण. दहा अंशांवर आणली तर दोनशेच्या वर. पाच अंशांवर चारशेच्याही वर. आणि तुमच्यासकट अगदी आडवी, सरळ रेषेत ठेवायची म्हणाल तर तशी दोरी जगात नाही."

मी ते बिल दोनदा उलटून पाहिलं. माणूस तोच, दोरी तीच, झाडं तीच. वाढला तो नुसता ताठा. आम्हाला लहानपणी सांगितलं ते सगळं याच्या उलट. ताठ बस. कंबर कस. ढिला पडू नकोस. त्या हिशेबाने आमच्या पिढीतली निम्मी माणसं पाच अंशांवर बांधलेली असणार. बरं, पुतणीचं एवढ्यावर थांबेना. हॅमकमध्ये उभं नाही, तिरकं झोपायचं म्हणे. तिरकं झोपलं की पाठ सरळ राहते. 'सरळ झोप रे' म्हणून आईने माझ्या पाठीत घातलेले सगळे धपाटे त्या क्षणी वाया गेले.

राहिल्या गाठी. मराठीत गाठी दोन, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सुटता सुटत नाही. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. माझ्या हातून जिथे सुरगाठ मारायची तिथे निरगाठ बसते आणि जिथे निरगाठ हवी तिथे सुरगाठ. पायजम्याची नाडी याला साक्ष आहे, अधिक खोलात शिरत नाही. गाठ मारणाऱ्याला आपल्याकडे प्रतिष्ठाही नाही. सिंहगडच्या लढाईत सूर्याजीने दोर कापून टाकले, हे आम्ही चौथीपासून ऐकत आलो. पण तो दोर वर बांधला कुणी? त्याची गाठ सुटली असती तर कापायला सूर्याजी वर पोचताच ना!

असो. कात्रजचा बोगदा, नसरापूर, मार्गासनी आणि पुढे जीप, असे आम्ही गुंजवण्याला पोचलो. समोर राजगड. भाताची झोडणी चालू होती. खाचरं रिकामी होत होती आणि सगळ्या गावाला नव्या पेंढ्याचा वास होता. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या घरामागेच झाडं होती. मी एक शेवगा पसंत केला. घरधनी नुसतेच हसले. जांभूळ दाखवलं, तेव्हा "जांभळीवर भरवसा ठेवू नका, ती न सांगता मोडते," म्हणाले. शेवटी एक आंबा आणि एक ऐन अशी जोडी जमली. मी बांधायला सुरुवात केली. एक तास लागला. आंब्याकडची गाठ तीनदा सोडून चौथ्यांदा मारली. ती निरगाठ होती की सुरगाठ, हे विचारण्यात अर्थ नाही, गाठ होती. बसलं की पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीवर झोळी लोंबत होती, खाली घरधन्यांनी कौतुकाने पेंढा पसरला होता, आणि आम्ही पाच जण तिच्याभोवती, भूमिपूजनाला पाहुणा यायचा राहिला असला की उभे राहतात तसे उभे होतो.

आणि कुणी बसेना.

एकाला मणक्याचा त्रास होता. एकाचा नुकताच नाश्ता झाला होता. एकाला रक्तदाब होता, तो वर गेला तर खाली आणायला दवाखाना लांब. चौथे मूळचे भोरचे. ते झोळीकडे पाहत म्हणाले, "आमच्याकडे भाटघरचं धरण बघा. १९२० च्या दशकात बांधून झालं. कुणी बांधलं, कसं बांधलं, खालच्या गावांतल्या कुणी काही तपासलं नाही. तरी भिंतीखाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घोरतायत."

"मग बसा की!"

"ते धरण तुम्ही बांधलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले.

त्यांचं चुकलं नव्हतं. सकाळी एसटीत बसताना मी ड्रायव्हरचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि कात्रज यायच्या आत मला झोप लागली होती. अनोळखी माणसाच्या हातात आपण जीव देतो, तो त्याच्याविषयी काही ठाऊक नसतं म्हणूनच. माझ्या गाठीविषयी मला फार ठाऊक होतं. तेव्हा मीही म्हणालो, "कारागिराने जरा लांबून बघायचं असतं. झोक कसा पडतोय ते आत बसून कळत नाही."

इतक्यात घरातला मुलगा आला. आठेक वर्षांचा, हाफपँट, गुडघ्याला जुनी खपली. घरात त्याला बारक्या म्हणत.

"आजोबा, मी बसू?"

आजोबा हा शब्द मी एरवी चालवून घेतला नसता. "बस की!"

"तुटणार न्हाई ना?"

"छे!" मी म्हणालो.

बारक्या बसला. मग आडवा झाला. मग त्याने झोके घेतले, पाय वर करून पालथा झाला, उभा राहिला, पुन्हा धपकन बसला. दोरी करकरली, ऐनाची पानं हलली, पण झोळी धरून राहिली. आमच्या मंडळाने टाळ्या वाजवल्या. मणकावाल्यांनी फोटो काढला. मी त्या फोटोत बारक्याच्या मागे, आंब्याला टेकून, हाताची घडी घालून उभा आहे. चेहऱ्यावर समाधान आहे. मी त्याला पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून दिला, अगदी अख्खा.

जेवण झालं. नव्या तांदळाचा भात, पिठलं, भाकरी. असं जेवण झाल्यावर झोळीत कोण, हा प्रश्न कुणाला सुचणार? आम्ही ओटीवरच आडवे झालो. उन्हं कलल्यावर मी एकटाच खाचरांच्या बाजूला फिरायला निघालो.

बांधावर एक आंबा होता. त्याच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधत बारक्याची आई उभी होती, आणि काखेत त्याची धाकटी बहीण, सहा-सात महिन्यांची, रडण्याच्या बेतात. पलीकडे झोडणीच्या बायका तिला हाका मारत होत्या. तिने एका हाताने लुगडं फांदीवरून टाकलं, पीळ दिला, गाठ मारली. तिचं लक्षही तिकडे नव्हतं; हाकेला ओ देता देता तिने गाठ मारली. माझ्या एका तासाचं काम जेमतेम दहा पळांत. मी पुढे होऊन दाद देणार, तोच तिने पोरीला पेंढ्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी झोळी धरली आणि पाय उचलून सगळं अंग तिच्यावर टाकलं. एकदा. मग जरा झोका देऊन दुसऱ्यांदा. फांदी वाकली, गाठ आवळली. मग तिने पोरीला उचलून आत घातलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"रोज असं करता?" मी विचारलं.

"मंग? आदी मी लोंबते. मला धरलं त मंग तिला धरतंय." तिला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. विळा उचलता उचलता तिने विचारलं, "बारक्या सांगत व्हता, तुमच्या झोळीत लय झोकं घेतलं म्हून. तुमी बसला व्हता न्हवं आदी?"

मी म्हणालो, "हो."

एवढं सरळ, एवढं छोटं खोटं मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत बोललो नव्हतो. तिथे खोट्याला निदान जावक क्रमांक असे.

"मंग बरं," ती म्हणाली आणि झोडणीकडे गेली.

मी बांधावर बसलो आणि स्वतःची बाजू मांडायला लागलो. स्वतःची बाजू मांडायला मला आवडतं, कारण न्यायाधीश ओळखीचा असतो. एक म्हणजे, मी बारक्याला बसवला नाही. तो आपण होऊन बसला. दुसरं, आधी हलकं वजन आणि मग जड वजन, ही चाचणीची रीतच आहे. पुतणीनेही तेच सांगितलं असतं. तिसरं, काही झालं नाही. पण यातलं एकही कलम नीट उभं राहीना. बारक्या आपण होऊन बसला खरा, पण त्याआधी त्याने विचारलं होतं, आणि मी 'छे' म्हणालो होतो. त्या 'छे'चा अर्थ त्याने 'आजोबांनी बसून पाहिलंय' असा घेतला; मी तसा घेऊ दिला. हलकं वजन आधी, हे तांदळाच्या पोत्यांना लागू. ज्याच्या वजनाने दोरी तुटायचा संभव कमी, त्यालाच पडल्यावर लागायचा संभव जास्त, हा हिशेब मी लाइटबिलाच्या पाठीवर मांडलाच नव्हता. तांदळाची पोती तर घरात होती. दोन होती. मी ती पाहिलीही होती.

आणि मग घरच्या गोष्टी आठवू लागल्या, त्या अजिबात आठवायला नको होत्या. फ्रिजमधली परवाची उसळ. "वास येतोय का हो?" "नाही बहुतेक. बाईंना देऊन टाक." हा संवाद आमच्या घरात झालेला आहे, आणि मला वाटतं तुमच्याही घरात झाला असेल. आपण ते दान समजतो. चव घेऊन न पाहता दिलेली उसळ म्हणजे दान नव्हे, ती चाचणी असते. दुसऱ्या दिवशी बाई कामाला आल्या की आपण निश्चिंत मनाने उरलेली गरम करतो. नवीन इस्त्री आली की आधी कुणाच्या कपड्यांवर फिरवतो? भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे गेलं, उसाला मिळालं. बुडाली ती वरच्या खोऱ्यातली गावं. हे मी भोरच्या गृहस्थांना सकाळीच ऐकवायला हवं होतं. पण उत्तरं मला नेहमी दुपारनंतर सुचतात.

रात्री मंडळी झोपल्यावर मी उठलो. मनात एवढंच होतं, की दुपारचं 'हो' निदान आजच्या तारखेत खरं करून टाकावं. नोंद उशिरा घ्यायची आणि तारीख तीच टाकायची, ही सवय अशी जात नाही. चांदणं होतं. झोळीजवळ गेलो, कापड पसरलं, बसलो, पाय वर घेतले, पुतणीने सांगितल्याप्रमाणे तिरका झालो. आणि खरं सांगतो, तसं सुख मला कुठल्या गादीवर मिळालेलं नाही. पाठ सरळ, मान सैल, वर आंब्याच्या पानांतून तुटक चांदणं, आणि पायांच्या पलीकडे राजगडाचा काळा पहाड. मला वाटलं, आपण उगीच स्वतःवर खटला भरला. गाठ चांगली आहे की!

सर्रर्र.

फार जोरात नाही. आंब्याकडची दोरी आपली घाई न करता, सभ्यपणे सुटत गेली, डोक्याची बाजू खाली, पाय वर, आणि मी पेंढ्यावर पोचलो. दीड फूट. काही लागलं नाही. ती सुरगाठ होती. सकाळी बारक्याच्या प्रत्येक उडीसरशी ती थोडी थोडी सरकत आली असणार. त्याच्या आणखी किती उड्या शिल्लक होत्या, हे मी पेंढ्यावर उताणा पडून मोजायचा प्रयत्न केला. जमला नाही. तो उभा राहिला होता ते आठवत होतं. झोळीपासून हातभर अंतरावर ऐनाचं एक मूळ जमिनीबाहेर आलेलं होतं, ते सकाळी मला दिसलं नव्हतं.

उठावंसं वाटेना. शाळेत शिकलेलं कधी काय आठवेल याचा नेम नसतो. मला डॉक्टर जेनर आठवला. देवीच्या लशीचा प्रयोग त्याने १४ मे १७९६ ला केला तो जेम्स फिप्स नावाच्या मुलावर. वय आठ. जेनरच्या माळ्याचा मुलगा. पुढे देवीची खरी लागण त्याला मुद्दाम करून पाहिली, ती झाली नाही, आणि जगाचं कल्याण झालं. ती लस आपल्याकडे आली तेव्हा १४ जून १८०२ ला मुंबईत पहिल्यांदा टोचली ती ॲना डस्टहॉल हिला. वय तीन. जेनरच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याला स्वतःला लहानपणी जुन्या पद्धतीने देवी टोचलेल्या होत्या, त्यामुळे स्वतःवर प्रयोग करून काहीच सिद्ध झालं नसतं. फिप्सला त्याने पुढे राहायला घरही दिलं. मी बिस्किटांचा पुडा दिला होता. आणि मला देवी टोचलेल्या नव्हत्या. मी बसलो असतो तर सगळं सिद्ध झालं असतं.

दुसरा आठवला तो हाफकिन. मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस केली, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचून घेतली ती स्वतःला. ताप आला, दुखलं, तो जगला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचली. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, तिच्यावरून मी बसने शेकडो वेळा गेलो असेन. आता, हाफकिन मोठा की जेनर, असा निबंध मी लिहीत नाही. जेनरने जितके जीव वाचवले तितके फार थोड्यांनी वाचवले असतील, आणि हाफकिनला त्या इंजेक्शनने काही झालं असतं तर पुढची लस कुणी केली असती, हाही प्रश्न आहेच. बारक्याची आई दर दिवशी आधी लोंबते; उद्या फांदी मोडून तिचंच कंबरडं मोडलं तर पोरीला सांभाळणार कोण? हा युक्तिवाद मला पेंढ्यावर पडल्या पडल्या बराच बळकट वाटला. फक्त एक अडचण होती. तो युक्तिवाद आम्हा न बसणाऱ्या पाच जणांच्या तोंडी शोभत होता, तिच्या तोंडी आला नव्हता.

पहाटे ती गोठ्याकडे निघाली तेव्हा मी ओटीवर बसूनच होतो. "ताई," मी म्हटलं, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी आधी बसलो नव्हतो. बारक्याला आधी बसवलं. रात्री मी बसलो, तर गाठ सुटली."

तिच्या हातात शेणाची पाटी होती. ती पाटी तिने खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. आणि बोलली असती तर मला फार बरं वाटलं असतं. ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे मात्र तिने असं पाहिलं, की बोहरी आळीतल्या दुकानदाराचं पाहणं त्यापुढे मायेचं म्हणायचं. मग बाहेर डोणीवर हात धुतले आणि तडक झाडांकडे गेली. मी मागून.

लोंबणारी दोरी तिने उचलली, माझी उरलेली गाठ नखाने उकलून टाकली. "ही कुनी शिकिवली तुमाला?" एवढंच म्हणाली. मी पायजम्याचं नाव घेतलं नाही. तिने आंब्याला दोन वेढे दिले, दोरी आतून काढली, गाठ मारली, पाय खोडाला लावून ओढली. मग ऐनाकडे जाऊन तिथलीही, मी विचारलं नव्हतं तरी, सोडून पुन्हा बांधली. एवढ्यात बारक्या डोळे चोळत येऊन उभा राहिला होता.

मी निश्चय करून पुढे झालो. धोतर नेसणारा असतो तर काचा मारला असता. "थांब रे बारक्या. आता आधी मी बसणार."

"सरा तुमी," त्याची आई म्हणाली.

"अहो, पण झोळी माझी आहे. मीच आधी बसलं पाहिजे. काल चुकलं ते..."

"झोळी तुमची," ती म्हणाली, "गाठ माजी हाय." आणि पदर खोचून, दोन्ही हातांनी कापड धरून तिने पाय उचलले.

झोळी दोन वेळा हलली. धरून राहिली. मग ती बाजूला झाली, पाटी घ्यायला परत गेली, आणि मी बसलो. दुसरा नंबर. माझ्यामागे बारक्या उभा होता, आणि त्याच्यामागे, रक्तदाब, मणका, नाश्ता आणि भोर, असे चारही जण टूथब्रश तोंडात धरून रांगेत होते.